नॅरोगेज डब्याचं मॉडेल 'झालं' असं कधी म्हणायचं?

गिरणाकाठ (पाचोरा)
पाचोरा-जामनेर लाइनीवरच्या डब्याचं १:८७ मॉडेल. ०.५ मिमी स्टायरीन शीट, ९ मिमी रूळ (दोन रुळांमधलं अंतर). रंग झाला, नंबर लागले, खाली १५ सेंमी रूळ आणि गिट्टी आहे. अजून वार्निश मारलेलं नाही. तरी रोज काही ना काही राहिलेलं दिसतंच, आज खिडकीची पट्टी तर उद्या बोगीचा (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याचा) बोल्ट. धुळीचा हात अजून थोडा मारला तर डबा चिखलातून ओढून काढल्यासारखा झाला. थांबायचं कुठे?

यार्डातला (भुसावळ)
भाऊ, दोन कप्पे करा: चूक आणि हौस. फट, चाकाची डगमग, तिरका नंबर ह्या चुका. जादा बोल्ट ही हौस. चुका कागदावर लिहा. नवीन ओळ लिहायची मुभा मॅट वार्निश मारेपर्यंतच, नंतर पेन बंद.

हौसेला माप लावा. ३० सेंमीवरून साध्या डोळ्याला ०.१ मिमीच्या आतलं वेगळं दिसत नाही. १:८७ मध्ये ते खऱ्या डब्यावर साधारण ९ मिमी होतं. म्हणजे २० मिमीचं बोल्टचं डोकं ०.२३ मिमी, ते दिसेल. त्याखालचा ३ मिमी जाडीचा वॉशर ०.०३ मिमी, तो सोडा. आणि गंमत बघा भो, खऱ्या लाइनीच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिमी, भागिले ८७ म्हणजे ८.७६, रूळ तुमचा ९ चा. ही पाव मिमीची थाप तुम्ही पहिल्या दिवशीच पचवली, मग एका वॉशरसाठी झोप का घालवायची?

तापीबाबा (जळगाव)
वरचं पटलं, पण बऱ्याचदा काम संपत नाही ते क्रम चुकल्यामुळे. आधी चकचकीत क्लिअर कोट (पारदर्शक वार्निश), तो एक दिवस वाळू द्या. मग डेकल (नंबराचे पातळ चिकटचित्र), पुन्हा हलका क्लिअर, फटीत पातळ वॉश (पाण्यासारखा गडद रंग), मग मॅट. त्यानंतर धूळ. काचा आणि कठडे सगळ्यात शेवटी. डेकल खडबडीत पृष्ठभागावर लावलं की खाली हवा अडकते आणि कड चांदीसारखी चमकते. तिथं सुईने टोचून डेकल सॉफ्टनर (डेकल मऊ करणारं द्रव) सोडा, बहुतेक वेळा बसतं. खिडकीच्या काचेला सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक धुरकट होतं. तिथं फेविकॉलच.

आपल्याकडचं ऊन विसरू नका. मे महिन्यात पारा ४४ वर असला की ॲक्रिलिक हवेतच वाळतं आणि डब्यावर रवाळ बसतं. स्प्रे सकाळी सातच्या आत, रंगात रिटार्डरचे (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब, नोझल ८-१० सेंमीवर. पावसाळ्यात उलटा त्रास, दमट हवेत मॅट पांढरट पडतं. त्यावर पुन्हा चकचकीत कोट देऊन कोरड्या दिवशी मॅट मारलं की बहुतेक वेळा सुधारतं.

चिखल झालाय तो सुक्या पिगमेंटचा (रंगाच्या भुकटीचा) असेल तर ओल्या कॉटन बडने वरून खाली पुसा, आडवं घासू नका. वार्निशखाली गेला असता तर डब्याचाच मूळ रंग अर्धकोरड्या ब्रशने वरून द्यावा लागला असता.

काळीमाती (अमळनेर)
गिट्टीचं कोणी बोललं नाही. खरी ५० मिमी खडी इथं ०.५७ मिमी होते. क्रशरची कच चहाच्या गाळणीतून दोनदा चाळली की जवळ जातं. फेविकॉल १ भाग, पाणी ३ भाग, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. शेतातली काळी माती मात्र जाड थराने लावू नका. वाळताना ती आक्रसते. मॉडेलवर २ मिमीची भेग पडली तर प्रवाशाचा अख्खा पाय आत जाईल एवढी १७ सेंमीची भेग दिसते. चाळून नुसती वरून भुरभुरवा.

गिरणाकाठ (पाचोरा)
यादी केली. चुका तीनच: दारासमोरची पायरी १ मिमी तिरकी, एका डेकलखाली चमक, आणि चिखल. उद्या सकाळी सहाला मॅट मारतो.

तापीबाबा (जळगाव)
पायरी आधी सरळ करा, मॅटनंतर चिकटवली तर गोंदाचा डाग चमकेल. आणि स्प्रेच्या वेळी पंखा बंद.