प्रजनक रोहूचं यकृत पिवळट: लिव्हर टॉनिक द्यावं की खाद्य बदलावं?

नमस्कार मंडळी,

भंडारा जिल्ह्यात आमची छोटी हॅचरी (मत्स्यबीज केंद्र) आहे. रोहू, कटला, मृगळ. यंदा रोहूच्या माद्या दिसायला चांगल्या गरगरीत, पण अंडी सोडण्यासाठीचं संप्रेरकाचं इंजेक्शन देऊनही बऱ्याच जणी अंडी सोडेनात. ज्यांनी सोडली त्यांतली बरीचशी अंडी पांढरी पडली, म्हणजे वाया गेली. मत्स्यजिरे (अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्लं) नेहमीच्या मानाने फारच कमी.

एक मादी मेली, ती चिरून बघितली. आतड्यांभोवती चरबीचे थर. यकृत लालसर तपकिरी असायला हवं, ते फिकट पिवळं, बोटाने दाबलं की कुस्करणारं. सुरीसुद्धा तेलकट झाली. (नवीन मंडळींसाठी: रोहूचं यकृत एकसंध गोळा नसतं, आतड्यांच्या वेटोळ्यांत पसरलेलं असतं.)

खाद्य म्हणजे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा, माशांच्या वजनाच्या साधारण 2 टक्के. इकडे गल्लोगल्ली राइस मिल, त्यामुळे कोंडा स्वस्त. पण त्यातलं तेल लवकर खवट होतं, आणि पेंडीला ओल लागली की बुरशी, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष. दोन्हींचा फटका यकृताला. आणि अंड्यातल्या बलकाचं प्रथिन तयार होतं तेही मादीच्या यकृतातच, तिथून रक्तावाटे अंडाशयात जातं. मग अंडी धड कुठून होणार?

औषधवाल्याने लगेच लिव्हर टॉनिकची बाटली पुढे केली. त्यात कोलीन, बीटेन, सिलिमरिन. किंमत विचारू नका! कोंबड्यांच्याच बाटलीवर माशाचं चित्र चिकटवलंय असा मला दाट संशय आहे. कोलीन यकृतातली चरबी बाहेर काढायला मदत करतं हे ठीक, पण वरून खवट कोंडा चालूच ठेवला तर काय उपयोग?

माझा कल असा: कोंडा ताजा आणि कमी, पेंड तपासून, सोबत थोडं मासळीचं तेल, जीवनसत्त्व ई आणि सी, आणि टॉक्सिन बाइंडर (खाद्यातलं बुरशीचं विष बांधून ठेवणारा पदार्थ). हे फेब्रुवारीपासून सुरू केलं तर जूनपर्यंत फरक पडतो का? टॉनिकने खरोखर अंडी सुधारलेली कोणी पाहिली आहेत का? भुवनेश्वरच्या सिफा या मत्स्यसंशोधन संस्थेचं 'सिफाब्रूड' हे प्रजनक माशांचं खाद्य कोणी वापरलं असेल तर अनुभव सांगा, विदर्भात कुठे मिळतं तेही.

आणि सगळ्यात घाईचं: या चरबी चढलेल्या माद्या खाद्य कमी करून पुढच्या हंगामाला सावरतात, की विकून टाकाव्यात? व्यापारी परवा येतोय.