शब्दयुद्ध, वितंडवाद की काथ्याकूट?

चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतो त्या विधीला, एकच प्याला असावा की प्रत्येकाला लहान पेला, यावरून आमच्या मंडळीत दोन घरांचं बोलणं बंद झालंय. रविवारी पाळकांनी बायबलमधलं दुसरे तीमथ्य २:१४ वाचलं. त्यात 'शब्दयुद्ध करू नका' असं आलं. 'शब्दयुद्ध' हा 'वितंडवादा'चाच समानार्थी शब्द का? संडे स्कूलच्या मुलांना समजावून सांगायचा आहे.

—

ताई, वितंडवाद नको. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार आहेत. वितंडा करणारा फक्त समोरच्याचं खोडून काढतो, स्वतःचं काही मांडतच नाही. तुमच्या दोन्ही घरांना तर आपापली बाजू देवाचीच वाटत असणार! मूळ ग्रीक क्रियापद 'लोगोमाखेइन' आहे. लोगोस म्हणजे शब्द, माखे म्हणजे लढाई. मराठीने जोडशब्दाला जोडशब्दच दिला, आणि तो अगदी चपखल बसला.

मुलांना त्याच वचनाचा शेवटही वाचून दाखवा. अशा भांडणाने नाश होतो तो ऐकणाऱ्यांचा, असं हे पत्र लिहिणारा पौल म्हणतो. तिथला ग्रीक शब्द 'कातास्त्रोफे', म्हणजे उलथून पडणं. भांडणारे दोघं उभे राहतात आणि बाजूला बसून ऐकणारा कोसळतो.

—

'काथ्याकूट' चालेल का? आमच्याकडे बोलताना तोच तोंडात येतो.

—

मी कोकणातला, म्हणून मला तो इथे पटत नाही. नारळाची सोडणं भिजवून कुटली की काथ्या निघतो, त्याचा सुंभ वळता येतो. निष्फळ चर्चेला आपण काथ्याकूट म्हणतो खरं, पण त्यात कुणी जखमी होत नाही. 'शब्दाचा कीस काढणे'सुद्धा तसंच सौम्य. युद्धाची धार त्यात नाही.

—

मला मात्र एक खटकतं. 'शब्दयुद्ध नको' हे वचन पुष्कळदा प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करायला वापरलं जातं. मी स्वतः ते सोसलंय. मग कशावरच बोलायचं नाही का?

—

दादा, तुमची तक्रार रास्त आहे. पौल स्वतः कुठे गप्प बसला? रोमकरांस लिहिलेल्या त्याच्या पत्राच्या १४ व्या अध्यायात कुणी नुसती भाजी खातो, कुणी सगळं खातो, तिथे तो म्हणतो, एकमेकांना दोष लावू नका. पण अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासूंच्या, पंगतीतून मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर अडवलं. दोन्हीकडे विषय जेवणाचाच! रोममध्ये ज्याची त्याची सवय होती. अंत्युखियात भाऊच पंगतीबाहेर पडत होता. आणखी पाहा, ज्याला हे पत्र लिहिलं त्या तीमथ्याची त्याने सुंता करवली, तीत या दुसऱ्या सोबत्याच्या सुंतेला मात्र तो तयार झाला नाही. म्हणून 'क्षुल्लक' हे विशेषण विषयाला लावताना मी फार जपतो.

शब्दावरून किती ताणलं जातं याचं उदाहरण बंगालीतलं आहे. १८३० च्या दशकात बॅप्टिस्ट (पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या) मिशनऱ्यांनी बाप्तिस्म्यासाठी 'बुडवणे' या अर्थाचा शब्द वापरला, म्हणून ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्या भाषांतराला पैसे नाकारले. बॅप्टिस्टांनी १८४० मध्ये वेगळी भाषांतर संस्था काढली. अर्थाचा प्रश्न खरा होता, तो मी लहान म्हणणार नाही. मराठी बायबलात ग्रीक शब्दच 'बाप्तिस्मा' होऊन राहिला. बुडवणारे आणि शिंपडणारे दोघेही तो म्हणतात. वसईचे कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतात, तेही आपल्याला कळतंच.

—

सगळ्यांचे आभार. 'शब्दयुद्ध'च ठेवते. 'नाश' मुलांना फार मोठा वाटेल, म्हणून 'ऐकणाऱ्यांची पडझड' असं सांगेन. त्या दोन्ही घरांतली मुलं माझ्या वर्गात एकाच बाकावर बसायची. गेले तीन रविवार ती दोन टोकांना बसताहेत.