‘स्वतंत्र वकील’ म्हणजे वेगळा वकील, की कुणाच्या दावणीला न बांधलेला?

पंचगंगाकाठ:
मंडळी, एका शब्दावर अडलेय. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयावरचा एक लेख दिवाळी अंकासाठी मराठीत करतेय, त्यात बचावाच्या वकिलांवर मोठा भाग आहे. मी सरळ लिहिलं, ‘आरोपीला स्वतंत्र वकील मिळालाच पाहिजे’. मसुदा मामांना दाखवला, ते इथंच कोल्हापुरात कोर्टात कारकून होते, वाचून म्हणाले बरोबर आहे, दोन आरोपींना एकच वकील दिला की एकाला सोडवताना दुसरा अडकतो. मला तर म्हणायचं होतं कुणाच्या दबावात नसलेला वकील! पण मामांचं तरी काय चुकलं, खोली भाड्यानं देताना आपण ‘स्वतंत्र नळ, स्वतंत्र मीटर’ लिहितोच की. दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेडा:
अपक्ष वकील. निवडणुकीमुळं सगळ्यांना माहीत असलेला शब्द आहे.

कसबा बावडा:
ओ दादा, अपक्ष कसा चालंल? वकिलाला पक्ष असतोच, म्हणून तर आम्ही पक्षकार म्हणतो. निःपक्ष आणि तटस्थ पण नको, ते न्यायाधीशानं असायचं. वकील आपल्या पक्षकाराकडं पुरता झुकलेला पाहिजे आणि बाकी सगळ्यांपासून मोकळा. मी स्वतः वकिली करतो, आमच्यात हा अर्थ ‘सनद’ म्हणजे वकिलीचा परवाना, या शब्दात बसलाय. कुठं पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद बार कौन्सिलकडं स्थगित करावी लागते, कारण मालक आणि पक्षकार दोघांचं एकदम ऐकता येत नाही. शाहू महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या त्या काय नुसत्या कागदासाठी न्हाईत, कुणाच्या दारात उभं न राहता पोट भरता यावं म्हणून दिल्या. ‘सनदी वकील’ लिहा ताई.

पंचगंगाकाठ:
सनद आवडली, पण तिथं बसत नाही हो वकीलसाहेब. हेगला न्यायालयाची सनद नसते, निबंधकाकडं (न्यायालयाच्या रजिस्ट्रारकडं) वकिलांची यादी असते, तीत यायला किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. आरोपी गरीब असला तर फी न्यायालय देतं पण वकील त्याचा नोकर होत नाही. इथवर ठीक. पण शिवाय बचावासाठी एक कायमचं कार्यालय आहे, तिथले वकील पगारी आहेत, ते निबंधक कार्यालयाखाली येतं फक्त प्रशासनापुरतं आणि कामात पूर्ण मोकळं असं नियमातच लिहिलंय. २०१२ च्या जूनमध्ये त्याच कार्यालयातली वकील मेलिंडा टेलर या न्यायालयाचा आरोपी सैफ अल-इस्लाम गद्दाफीला (लिबियाच्या हुकूमशहा गद्दाफीच्या मुलाला) भेटायला लिबियात झिंतानला गेली, तिला आणि बरोबरच्या तिघांना जवळपास चार आठवडे अडकवून ठेवलं. पगार न्यायालयाचा, पण अटक झाली ती आरोपीचं काम करताना. तिला स्वतंत्र म्हणायचं नाही का?

कसबा बावडा:
म्हणायचं. पगाराचं मी मागं घेतो. पण मग खरी मेख वेगळीच आहे, त्या न्यायालयाची चार अंगं आहेत, अध्यक्षमंडळ, न्यायविभाग, अभियोक्त्याचं कार्यालय आणि निबंधक. आरोप ठेवणारा त्यात हाय, बचाव न्हाई. लेबनॉनसाठी २००९ पासून जे विशेष न्यायाधिकरण चाललं त्यात मात्र बचाव कार्यालय हे स्वतंत्र अंग होतं. आता बघा, या वाक्यात ‘स्वतंत्र’चे दोन्ही अर्थ एकदम बसतात!

शब्दवेडा:
मुळात ‘वकील’ अरबी आहे, ज्याच्यावर काम सोपवलं तो. मराठेशाहीत वकील म्हणजे परक्या दरबारात ठेवलेला आपला माणूस. १७८४ साली महादजी शिंद्यांनी बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवलं, ती काय कोर्टातली वकिली नव्हे. म्हणजे वकील हा जन्मानंच दुसऱ्याचा माणूस, त्याला स्वतंत्र म्हणणं मला पटत नाही.

ताराराणी चौक:
म्हणूनच सांगतो अधिवक्ता लिहा. शुद्ध शब्द असताना अरबी-फारसी कशाला?

कसबा बावडा:
माझी आज्जी वाटणीच्या दाव्यासाठी पंधरा वर्षं ‘वकिलाकडं जाऊन येतो’ म्हणत गावाकडनं एसटीनं यायची, तिला अधिवक्ता म्हटलं असतं तर ती परत गेली असती. अशील पण अरबीच आहे, फौजदारी तर फौजेतनं आली. काढा सगळे, मग कोर्टात बोलायला काय उरतंय?

ताराराणी चौक:
आज्जीचा मान आहेच. पण वापराच्या नावाखाली चूक पण खपते. पेपरात हेगच्या अभियोक्त्याला सरळ ‘सरकारी वकील’ छापतात. कुठलं सरकार? त्याला सदस्य देश मिळून निवडतात, कुठल्याच सरकारचे आदेश त्यानं घ्यायचे नसतात. वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी एक देश खटला चालवतोय. नेमका शब्द वापरला तर हे टळतं.

शब्दवेडा:
हे मात्र शंभर टक्के खरं. फिर्यादी वकील चालेल का?

कसबा बावडा:
फिर्यादी म्हणजे ज्याच्यावर बेतलं तो. तिथं पीडितांना पण आपले वकील घेऊन बाजू मांडता येते, मग त्यांच्या वकिलाला काय म्हणणार?

पंचगंगाकाठ:
यावर वेगळी चर्चा काढूया, मला खरंच हवी आहे. सोमवारी अंक छपाईला जातोय, तूर्त मी लिहिलंय ‘पक्षकाराशिवाय कुणाच्याही हुकुमात नसलेला वकील’. लांब आहे, पण मामांना बरोबर कळलं.

ताराराणी चौक:
हुकमात. हुकूम, हुकमाचा, हुकमात.

कसबा बावडा:
आमच्याकडं हुकुमातच म्हणतात.