‘क्रीचर कमांडोज’मधल्या ‘मॉन्स्टर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

जेम्स गन यांच्या ‘क्रीचर कमांडोज’ या ॲनिमेशन मालिकेचे ७ भागांचे पहिले पर्व ५ डिसेंबर २०२४ ते ९ जानेवारी २०२५ या काळात आले. तिचा परिचय मराठीत लिहायचा आहे. ‘राक्षसांची टोळी’ हे पहिल्यांदा सुचते, पण त्यातले दोन्ही शब्द खटकतात. प्रेतांचे तुकडे जोडून घडवलेली ब्राइड, डोक्याभोवती पाण्याचे शिरस्त्राण घालून फिरणारी नीना, पेटता किरणोत्सारी सांगाडा झालेला डॉ. फॉस्फरस, केसाळ वीझल आणि दुसऱ्या महायुद्धातला जी. आय. रोबो, या सगळ्यांना कवेत घेणारा शब्द हवा आहे. ‘मिसफिट’साठीही सुचवा.

प्रतिसाद १

‘राक्षस’ नकोच. राक्षस, दैत्य, दानव ही आपल्याकडे कुळे आहेत. दितीचे ते दैत्य, दनूचे ते दानव. रामायणाच्या उत्तरकांडात ‘रक्षामः’ म्हणणारे राक्षस झाले आणि ‘यक्षामः’ म्हणणारे यक्ष. राक्षसाला आईबाप, राज्य, वंश सगळे असते. या मालिकेतली पात्रे नेमकी त्यालाच मुकलेली आहेत. हडळ, मुंजा, समंध हेही बाद, कारण ती माणूस मेल्यानंतरची रूपे. ही मंडळी कुणाची भुते नाहीत.

‘टोळी’बद्दल सहमत. टोळी दरोडेखोरांची असते. सरकार नेमते ते पथक: भरारी पथक, बॉम्बशोधक पथक. अमांडा वॉलर सरकारी अधिकारी आहे आणि रिक फ्लॅग सीनियर तिच्या हुकमाने नेतृत्व करतो. तेव्हा ‘पथक’च.

प्रतिसाद २

शब्द मालिकेच्या कथानकातच दडलाय. तुरुंगातल्या माणसांना मोहिमेवर पाठवायला वॉलरला बंदी घातली गेली आहे. तिने पळवाट काढली: जे माणूस म्हणून मोजलेच जात नाहीत, अशा कैद्यांना पाठवायचं. सगळी गोष्ट या एका कायदेशीर भेदावर उभी आहे, म्हणून मानवेतर. दिसणं भयानक आहे की नाही हा मुद्दाच त्यात येत नाही, ‘माणसांत धरलेले नाहीत’ एवढंच येतं. ‘मानवेतर कैद्यांचं पथक’ म्हटलं की वॉलरची चलाखी वाचकाला लगेच कळते.

फक्त जवळचे शब्द जपून वापरा. अमानुष चालणार नाही. ‘अमानुष मारहाण’, ‘अमानुष छळ’ अशा बातम्यांमुळे त्याचा अर्थ क्रूर असा पक्का झालाय. ‘अमानुष कैदी’ लिहिलंत तर वाचक नीनाला क्रूर समजेल, आणि पथकात सगळ्यांत मवाळ तीच आहे. अमानवी थोडा सौम्य, पण त्याचाही ओढा क्रौर्याकडे किंवा भुताटकीकडे. अतिमानव म्हटलं की माणसापेक्षा वरचढ असा अर्थ होतो, तो इथे उलटाच पडेल.

प्रतिसाद ३

‘मानवेतर’ला दुजोरा. त्याच ओघात ‘यंत्रमानव’ टाळा. एका वाक्यात ‘मानवेतर’ आणि पुढच्यात ‘यंत्रमानव’ आले, तर वॉलरची पळवाटच कोसळते. ‘रोबो’ राहू द्या. तो चेक ‘रोबोटा’वरून आला, म्हणजे सक्तीची मजुरी, आपली वेठ. कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून तो जगभर गेला. कैद्यांना जबरदस्तीने राबवणाऱ्या गोष्टीत तो चपखल बसतो.

‘जी. आय.’ म्हणजे अमेरिकी शिपाईगडी. ही अक्षरे मुळात लष्कराच्या सामानयादीत गॅल्व्हनाइज्ड आयर्नसाठी होती, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात आपण ‘जीआय पाइप’ म्हणतो तीच. ‘सरकारी पुरवठा’ हा अर्थ नंतर चिकटला.

प्रतिसाद ४

शीर्षकातला ‘क्रीचर’ही पाहा. त्यात ‘निर्माण केलेला’ हा अर्थ आहे, आणि प्रेतांतून जीव घडवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या, फ्रँकेन्स्टाइनच्या कथेचा तो गाभा आहे. ‘प्राणी’ केले तर प्राण असलेला तो प्राणी, म्हणजे रोबो बाहेर पडला. शीर्षक लिप्यंतर करून ठेवावे हे उत्तम.

वीझलला ‘मुंगूस’ करू नका. ही चूक फार होते. वीझल आणि मुंगूस ही वेगळी कुळे आहेत. वीझलचा आपल्याकडचा ओळखीचा नातलग म्हणजे पाणमांजर. इथे मात्र ते पात्राचे नाव आहे, तेव्हा ‘वीझल’च. त्याच न्यायाने फॉस्फरसचा ‘स्फुरद’ करू नये. १०:२६:२६ खताच्या गोणीवरचा मधला आकडा ज्याचा, तोच हा स्फुरद. ‘डॉ. स्फुरद’ वाचले की कृषी विद्यापीठ डोळ्यांपुढे येते.

नीनाला ‘उभयचर’ म्हणताना एक ओळ जोडा. बेडूक हवेतही श्वास घेतो, नीनाला जमिनीवर पाणी सोबत न्यावे लागते. ती ओळ नसेल तर शिरस्त्राण फुटणे तिच्या जिवावर का बेतते ते समजणार नाही.

प्रतिसाद ५

‘मिसफिट’चं काय? ‘विजोड’ सुचतो, पण तो जोडीला लागतो: विजोड जोडपं, विजोड चपला. एकट्या माणसाला विजोड म्हणत नाहीत. ‘वाळीत टाकलेले’ जोरकस आहे, मात्र वाळीत पडायला आधी गावात असावं लागतं. ब्राइड कुठल्याच गावाची कधी नव्हती. शिवाय महाराष्ट्रात २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा विधिमंडळात मंजूर झाला, त्या शब्दाला तिथलं वजन आहे. उसनं घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

‘नकोसे’ लिहिणार असाल तर थांबा. ‘नकोशी’ हे नाव मुलींना प्रत्यक्ष ठेवलं जायचं. साताऱ्यात २०११ मध्ये अशा २८५ मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली. आणि ब्राइड तर कुणाला तरी हवी म्हणूनच घडवली गेली. तिचं दुःख नकोशी असण्याचं नाही, तिला न विचारता कुणाची तरी ठरवून टाकण्याचं आहे. याच कारणानं तिला ‘वधू’ किंवा ‘नवरी’ करू नये. ज्याच्यासाठी तिला घडवलं त्या एरिकला तिने नकार दिलाय, प्रत्येक वाक्यात ‘नवरीने गोळी झाडली’ असं लिहून तो नकार पुसायचा का?

माझं मत उपरे. कुठेच मुळं नसलेले, असा अर्थ थेट पोचतो आणि पाचही जणांना लागू पडतो.

प्रतिसाद ६

‘मानवेतर उपऱ्यांचे पथक’ छान जमते. सामान्यरूप ‘उपऱ्यांना’, ‘उपऱ्यांचे’. चंद्रकोरीसारखा ‘ऱ्य’ नीट उमटतो का ते फाँटमध्ये तपासून घ्या, नाहीतर ‘उपर्यांचे’ असा रफार दिसतो. क्रियापद पथकाप्रमाणे नपुंसकलिंगी: ‘पथक पोकोलिस्तानात (मालिकेतला काल्पनिक देश) उतरले’. पथक शब्द न घेता लिहिलेत तर ब्राइड आणि नीनासकट सगळ्यांसाठी ‘ती सगळी उतरली’ हे जुने वळण, ‘ते सगळे उतरले’ हे आता रूढ. कोणतेही एक घ्या आणि लेखभर तेच ठेवा.