पनामा कालवा : कोलंबियाशी अमेरिका कशी वागली?

धागाकर्ता : पनामा कालव्याच्या बांधणीचे कौतुक आपण वाचत आलो आहोत, पण ती जमीन अमेरिकेच्या हाती कशी आली याकडे फारसे कुणी वळत नाही. पनामाच्या संयोगभूमीवरील कोलंबियाचे (तेव्हाच्या न्यू ग्रॅनाडाचे) सार्वभौमत्व राखण्याची हमी अमेरिकेने १८४६च्या करारात दिली होती. ऑगस्ट १९०३मध्ये कोलंबियाच्या सिनेटने अमेरिकेला कालव्यासाठी जमीन देणारा हे-एर्रान करार फेटाळला आणि तसे करण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. ३ नोव्हेंबरला पनामात उठाव झाला, त्याच्या आदल्या दिवशी ‘नॅशव्हिल’ ही अमेरिकी युद्धनौका कोलोन बंदरात येऊन थांबली होती. तिथे उतरलेल्या सुमारे ५०० कोलंबियन सैनिकांना पनामा शहराकडे नेण्याचे अमेरिकी अधिकारी चालवत असलेल्या रेल्वेने टाळले, केवळ सेनापतींना पुढे नेले आणि तिथे ते पकडले गेले. ६ नोव्हेंबरला अमेरिकेने नव्या देशाला मान्यता दिली. कुंपणानेच शेत खाल्ले, असे मी याला म्हणतो.

पहिला प्रतिसाद : या मांडणीत पनामाची माणसे कुठेच दिसत नाहीत, हे मला खटकते. १८४० ते १८४१ या काळात पनामाने स्वतंत्र राहून पाहिले होते. कोलंबियाच्या राजधानीला, बोगोटाला, जायला जमिनीवरून धड वाट नव्हती, आणि १८९९ ते १९०२च्या यादवी युद्धात हा प्रांत होरपळला होता. त्यांच्या दृष्टीने कालवा म्हणजे पोटापाण्याचा आधार. तो करार बोगोटाने फेटाळल्यावर त्यांनी गप्प का बसावे? शिवाय कालव्याचे काम आधी हाती घेतलेल्या फ्रेंच कंपनीचा परवाना १९०४मध्ये संपला की तिला अमेरिकेकडून मिळायचे चार कोटी डॉलर आपल्याकडे वळवता येतील, असा हिशेबही बोगोटात मांडला जात होता.

दुसरा प्रतिसाद : पनामाच्या माणसांचा विचार करायचा, तर अमेरिका आणि पनामा यांच्यातील १८ नोव्हेंबरच्या कालवा करारावर पनामाच्या वतीने सही कोणाची होती तेही पाहावे. ती फिलिप ब्युनो-व्हारिया या फ्रेंच अभियंत्याची होती, आणि पनामाचे शिष्टमंडळ वॉशिंग्टनला पोहोचण्याआधीच ती होऊन गेली. एक कोटी डॉलर रोख आणि वर्षाला अडीच लाख हा मोबदला कोलंबियाला देऊ केला होता तेवढाच राहिला. मात्र कोलंबियाच्या करारात शंभर वर्षांची, नूतनीकरणाची सोय असलेली मुदत होती, इथे दहा मैल रुंदीचा पट्टा कायमसाठी देण्याचे ठरले.

पहिला प्रतिसाद : हा मुद्दा मला मान्य आहे, तो करार पनामावर अन्याय करणारा होता. परंतु त्यामुळे उठाव खोटा ठरत नाही.

धागाकर्ता : उठाव खोटा होता असे मी म्हटलेले नाही. माझा आक्षेप हमी देणाऱ्याच्या वागणुकीवर आहे, आणि तो पुढे अमेरिकेतही जाणवला असावा. १९१४मध्ये कोलंबियाशी केलेल्या करारात अडीच कोटी डॉलरसोबत खेदाचे शब्दही होते. अमेरिकी सिनेटने तो करार अडवून ठेवला आणि १९२१मध्ये मंजूर केला तेव्हा रक्कम तेवढीच ठेवून खेदाचे शब्द काढून टाकले.