कूलंटमधला गाळ आणि 'फ्लश म्हणजे लूट' म्हणणारे

तेरा नंबरचा पाना
काल एकाने इथे कूलंटबद्दल (इंजिन थंड ठेवणारं, ग्लायकॉल मिसळलेलं पाणी) छातीठोकपणे लिहिलं: 'कूलंट फ्लश म्हणजे गॅरेजवाल्यांचा धंदा. टाकीत गाळ दिसला तर खालून सोडून द्या, वरून नळाचं पाणी भरा, काही होत नाही.' खाली वाहवा करणारेही कमी नव्हते. म्हणून हे लांबण.

गाळ आपोआप येत नाही. कूलंटमधले गंजरोधक कालांतराने संपतात. उष्णता आणि आत शिरलेली हवा यांनी ग्लायकॉल हळूहळू आम्लधर्मी होतं आणि ब्लॉकचं (इंजिनाच्या मुख्य धडाचं) लोखंड, हेडचं (त्यावर बसणाऱ्या वरच्या भागाचं) अ‍ॅल्युमिनियम, सापडेल ते खायला लागतं. तो गंज, नळाच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि काही कूलंटमधलं फॉस्फेट मिळून साका बसतो. बसतो तोही नेमका अरुंद जागी, म्हणजे रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत आणि हीटर कोअरमध्ये (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये). नुसता रेडिएटरचा ड्रेन उघडलात तर ब्लॉकमधलं बरंचसं जुनं पाणी आतच राहतं. तुम्ही घाण काढत नाही, पातळ करता.

थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) काढायचा, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, उलट दिशेने पाणी सोडायचं आणि नितळ येईपर्यंत धुवायचं. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याचं. याला फ्लश म्हणतात. याला लूट म्हणणाऱ्यांनी उष्णतेने वाकलेलं हेड एकदा हातात घेऊन बघावं.

निवांत न्यूट्रल
ते लिहिणारा मीच. आता माझंही ऐका. मामांची गाडी जुनी, पण तापमानाचा काटा कधी मध्याच्या वर गेला नाही. कोणीतरी डोक्यात भरवलं म्हणून क्लीनर टाकून फ्लश केला. काही दिवसांत रेडिएटर ठिबकायला लागला, मागोमाग वॉटर पंपाचं सील गेलं. आधी थेंब गळत नव्हता! जुन्या इंजिनाला छेडू नये, एवढंच माझं म्हणणं.

तेरा नंबरचा पाना
म्हणजे भोक आधीच होतं, साक्याने बूच मारलं होतं. फ्लशने भोक पाडलं नाही, दाखवलं.

निवांत न्यूट्रल
दाखवलं म्हणे! रात्री, पावसात, हायवेवर दाखवलं. मामी अजून मला ऐकवतात. तुमचं ज्ञान तेव्हा कुठे होतं?

जुनं डिझेल
दोघंही थांबा. गाळ कसला आहे ते कुणी पाहिलं का? लालसर-तपकिरी, बोटात घासल्यावर खरखरीत लागला तर गंज. दुधाळ, ओशट, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेला असेल तर तेल. मग हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) किंवा ऑइल कूलर गेलाय. ते दुरुस्त न करता कितीही धुवा, पुन्हा तेच. वर तेलाने रबरी होज फुगून मऊ पडतात, तेही बदलावे लागतात. ऑटोमॅटिक गाडीत रेडिएटरच्या पोटातला गिअर तेलाचा कूलर फुटला की गुलाबी दुधाळ पाणी दिसतं, आणि तेव्हा कूलंटपेक्षा गिअरबॉक्सची काळजी करा.

आणि क्लीनर सगळ्याला एकच नसतो. सायट्रिक आम्ल गंजावर चालतं, ओशट गाळाला ते हात लावत नाही. त्याला तेल सोडवणारं डिटर्जंट लागतं. उलट तीव्र आम्ल किंवा कॉस्टिक आत सोडलंत तर अ‍ॅल्युमिनियमच खाऊन टाकाल. मामांच्या गाडीत काय ओतलं होतं ते आधी सांगा.

निवांत न्यूट्रल
मला काय माहीत? निळी बाटली होती.

काटकसरी क्लच
डिस्टिल्ड कशाला विकत घ्यायचं? एसीच्या नळीचं पाणी बादलीत धरतो, तेच भरतो. बाष्पाचं पाणी, क्षार नाहीतच.

तेरा नंबरचा पाना
क्षार नाहीत, पण कॉइलवरची धूळ, बुरशी आणि तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचे अंश आहेत.

काटकसरी क्लच
मग आरओचं?

सायलेन्सर
आरओत थोडे क्षार राहतातच. काही मशिनी तर चवीसाठी परत मिसळतात. तुमचं इंजिन चव घेतं का?

काटकसरी क्लच
टोमणे नकोत. वाचलंय मी, अगदी शुद्ध पाणी भुकेलं असतं, धातू ओढून घेतं. मग डिस्टिल्डच वाईट!

जुनं डिझेल
नुसतं भरलंत तर कुठलंही पाणी गंजवतं. कॉन्सन्ट्रेट (पाण्यात मिसळायचं घट्ट कूलंट) मिसळलंत की गंजरोधक आलेच, भुकेचा प्रश्न मिटला.

काटकसरी क्लच
आणि रेसच्या गाड्या नुसत्या पाण्यावर पळतात त्याचं काय? पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, हे तरी मान्य?

तेरा नंबरचा पाना
मान्य. पण ती इंजिनं शर्यतीनंतर उघडली जातात, तुमचं वर्षानुवर्षं बंद असतं. पाणी-ग्लायकॉलचं निम्मं-निम्मं मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, आणि रेडिएटरची 1 बार दाबाची कॅप धड असेल तर जवळपास 129 अंशांपर्यंत उकळत नाही. नुसतं पाणी त्याच कॅपखाली 120 ला उकळतं. इथे शाळेचा वर्ग चालवायचा कंटाळा आलाय आता.

काटकसरी क्लच
कुणी सांगितलं होतं चालवायला? स्वतःच सुरू केलंत.

सायलेन्सर
पाणी सोडा. माझी खरी चीड रंगावर आहे. 'हिरव्यात हिरवं टाका, लालमध्ये लाल.' रंग फक्त रंग असतो! त्याला कुठलंही एकच मानक नाही. एका कंपनीचं लाल सिलिकेटवालं, दुसरीचं सेंद्रिय आम्लांचं. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघा. 'लाँग लाइफ'वरही आंधळा विश्वास नको. जनरल मोटर्सने 1990 च्या दशकाच्या मध्यात डेक्स-कूल नावाचं कूलंट आणलं, पाच वर्षांचा दावा होता. पुढे गाळ आणि गॅस्केटच्या तक्रारींवरून सामूहिक दावे झाले, 2008 मध्ये तडजोड झाली. पातळी कमी राहून हवा शिरली की त्यातही तपकिरी चिखल व्हायचा. म्हणून आधी गळती आणि कॅप बघा.

निवांत न्यूट्रल
बघा! म्हणजे महागडं कूलंट टाकूनही गाळ होतो. माझंच खरं.

सायलेन्सर
सहा ओळींतून तुम्ही एवढंच वेचलंत. धन्य.

जुनं डिझेल
निवांत यांचं एक बरोबर आहे, कबूल करायला जिवावर येतंय तरी. इतिहास माहीत नसलेल्या जुन्या इंजिनात जालीम क्लीनर टाकू नये. साधं पाणी, दोन-तीनदा भरून गरम करून सोडायचं, दर वेळी मध्ये इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं. गरम ब्लॉकमध्ये गार पाणी ओतलंत तर तडा जाईल. भरताना हवा नीट काढा, नाहीतर एअर लॉकने (आत अडकलेल्या हवेने) काटा चढेल आणि पुन्हा फ्लशलाच शिव्या. आणि काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडनी निकामी होऊन मरतात.

निवांत न्यूट्रल
ठीक आहे महाराज. माझ्या गाडीत खरखरीत निघालं तर पाण्याने धुईन, ओशट निघालं तर गॅस्केट बघेन. बाटली मात्र कुठल्याच रंगाची आणणार नाही, आणि मामांना यातलं काही सांगणार नाही.