मदत हवी आहे: लेकीला फायनल फँटसी ७ आधी मूळ द्यावा की रिमेक?

कृष्णाकाठ

नमस्कार.

माझी लेक तेरा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात मैत्रिणीकडे तिने फायनल फँटसी ७ रिमेकची सुरुवात पाहिली, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिला तोच खेळ हवाय. माझा दादा म्हणतो, १९९७ चा मूळ खेळ आधी दिला नाहीस तर पोरीचं कायमचं नुकसान करशील. मला ठरवता येत नाहीये.

आधी एक विनंती. इथली उत्तरं मी तिला वाचून दाखवणार आहे, शिवाय नवीन लोकही वाचतात. त्यामुळे मूळ खेळाच्या पहिल्या सीडीच्या शेवटी काय होतं ते कुणी उघड लिहू नका. 'तो प्रसंग' म्हटलं तरी जाणत्यांना कळेल.

थोडं मागचं सांगते, म्हणजे अडचण समजेल. सांगलीला आमच्या घरी ९९ साली कॉम्प्युटर आला. दादा अकरावीत, मी चौथीत. त्याच्या मित्राच्या काकांनी परदेशातून आणलेली चार सीडींची डबी महिनाभराच्या बोलीवर आमच्याकडे आली. एक सीडी इन्स्टॉल करायची, तीन खेळाच्या. परत द्यायला पुढचा मे उजाडला. मला तेव्हा इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्या खेळात कुणालाच आवाज नाही, सगळं बोलणं निळ्या चौकटीत अक्षरांनी उमटतं. दादा प्रत्येक चौकट मला मराठीत मोठ्याने सांगायचा. बॅरेट या दांडगट साथीदारासाठी तो तालमीतल्या वस्तादासारखा घोगरा आवाज काढायचा. खेळाचा नायक क्लाउड तुटक बोलतो, त्याला मात्र दादा स्वतःचाच आवाज द्यायचा. २०२० मध्ये मी रिमेक लावला, क्लाउडने तोंड उघडलं आणि मी खेळ थांबवून नुसती बसून राहिले. वीस वर्षं माझ्या कानात तो दादाच्या आवाजात बोलत होता.

तरीही मला रिमेक आवडला. मनापासून आवडला. दादाला हेच खुपतं. मूळ खेळात मिडगार हे शहर पाच-सात तासांत मागे पडतं, त्याच शहराचा तीस-चाळीस तासांचा खेळ केला, हा त्याचा पहिला राग. दुसरा राग सेफिरॉथ या खलनायकाबद्दल. मुळात मिडगारमध्ये तो धड दिसतच नाही. रक्ताचा माग दिसतो, लांब तलवार दिसते, लोक दबक्या आवाजात नाव घेतात. रिमेकमध्ये तो दुसऱ्याच प्रकरणात समोर येऊन उभा राहतो. दादा म्हणतो, भीती तिथेच संपली, जुन्या खेळाला हात लावायलाच नको होता. गणपतीत व्हिडिओ कॉलवर आमचं यावरून इतकं वाजलं की आईने फोन काढून घेतला.

तो कॅनडात असतो. चार वर्षांनी या दिवाळीला घरी येतोय, दहा दिवसांसाठी. भाचीसोबत बसून खेळायचंय त्याला. म्हणून विचारते: आधी कुठला द्यावा? मूळ खेळ न खेळता रिमेकची कथा कळते का? तेरा वर्षांच्या मुलीला काही आक्षेपार्ह आहे का? आणि आमच्या साध्या लॅपटॉपवर काय चालेल?

रानवारा

ताई, लॅपटॉपचं आधी सांगतो, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे. मूळ खेळ स्टीम या ऑनलाइन दुकानात मिळतो आणि कुठल्याही लॅपटॉपवर चालतो. फोनवरही आहे. रिमेकला शंभर जीबी जागा लागते, त्याच्या पुढच्या भागाला, म्हणजे रीबर्थला दीडशेच्या वर, आणि दोन्हींना वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं. साधा लॅपटॉप असेल तर रिमेकचा नाद सोडा किंवा प्लेस्टेशनची सोय बघा.

मूळ खेळ देणार असाल तर गेमपॅड घ्या, कीबोर्डवर मुलं लवकर कंटाळतात. प्लेस्टेशन ४ आणि स्विचवरच्या आवृत्तीत तिप्पट वेगाची आणि वाटेतल्या अचानक येणाऱ्या लढाया बंद करण्याची सोय आहे, ती आजच्या मुलांना फार उपयोगी पडते. पूर्ण खेळ चाळीसेक तासांचा धरा. दहा दिवसांत अवघड आहे.

तिसरी_सीडी

मूळ आधी. यात मला शंका नाही, आणि कारण जुन्या आठवणींचं नाही. कारण रिमेकच्या कथेतच आहे.

रिमेकमध्ये व्हिस्पर्स नावाची करड्या झग्यांतली भुतं आहेत. कथा ठरलेल्या वाटेवरून सरकली की ती येतात आणि तिला परत वाटेवर ढकलतात. आता ही ठरलेली वाट कुठली? १९९७ च्या खेळाची. ज्याने तो खेळलेला नाही त्याला ही भुतं कशाची राखण करताहेत हेच कळणार नाही. शेवटी पात्रं त्या नियतीशीच लढतात. ज्याला मूळ कथा पाठ आहे त्याच्या अंगावर तिथे काटा येतो, कारण 'तो प्रसंग' आता टळेल का, हा प्रश्न पहिल्यांदाच उघडा पडतो. नवख्याला तिथे फक्त एक मोठी, गोंधळाची लढाई दिसते.

म्हणून मी त्याला रिमेक म्हणतच नाही. तो मूळ खेळाला दिलेला जबाब आहे. जबाब आधी ऐकून सवाल नंतर ऐकण्यात काय हशील?

दादांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. 'हात लावायलाच नको होता' हे मला पटत नाही. हे बाहेरच्या कुणी केलेलं काम नाही. मूळ खेळाचे दिग्दर्शक योशिनोरी कितासे रिमेकचे निर्माते आहेत. पात्रं रेखाटणारे तेत्सुया नोमुरा रिमेकचे दिग्दर्शक आहेत. नोजिमा तेव्हाही लिहीत होते, आताही लिहितात. तिशीत सांगितलेली गोष्ट माणसं पन्नाशीत पुन्हा सांगताहेत. ती तशीच्या तशी कशी येईल?

आणि वाट किती पाहिली होती आपण! २००५ मध्ये प्लेस्टेशन ३ च्या प्रात्यक्षिकात खेळाची सुरुवात नव्या रूपात दाखवली, लोक वेडे झाले, आणि खरी घोषणा व्हायला २०१५ उजाडलं. दहा वर्षं प्रत्येकाने मनात आपापला रिमेक बनवला होता. समोर जो आला तो त्यातला कुठलाच नव्हता. मला वाटतं निम्मं भांडण तिथून येतं.

मावळतीचा_घाट

मी उलट्या वाटेने आलोय, म्हणून लिहितो. एप्रिल २०२० मध्ये सगळं बंद असताना मी रिमेक खेळलो. तोवर या मालिकेतला एकही खेळ पाहिला नव्हता. व्हिस्पर्स मला कळली नाहीत, हे तिसरी_सीडी यांचं म्हणणं खरं आहे. पण जेसी कळली. मूळ खेळात जेसी, बिग्ज आणि वेज या क्लाउडच्या साथीदारांच्या वाट्याला मोजकी वाक्यं आहेत. रिमेकमध्ये आपण जेसीच्या घरी जातो, तिचे आजारी वडील अंथरुणावर दिसतात, ती हे सगळं कशासाठी करते ते उमगतं. त्यानंतर मिडगारच्या सातव्या सेक्टरवर जे कोसळतं, ते माझ्यावर कोसळलं होतं. मूळ खेळ मी पुढच्या वर्षी खेळलो आणि तिथे तोच भाग भराभर निघून गेला, मला हळहळ वाटली.

लढाईचंही तेच. मूळ खेळात आपली पाळी येईपर्यंत पडद्यावरची पट्टी भरायची वाट बघत उभं राहायचं. रिमेकमध्ये वार करत राहायचं, पट्टी भरली की हुकमांची यादी उघडायची, तेव्हा वेळ मंदावतो आणि विचार करून मटेरियाची, म्हणजे जादूच्या खड्यांची, जादू वापरता येते. शांतपणे खेळायचं असेल तर क्लासिक पर्याय आहे, त्यात पात्रं आपली आपण लढतात, आपण फक्त हुकूम द्यायचे. आजच्या मुलीला हेच जवळचं वाटेल.

मला एकच म्हणायचंय. 'मूळ आधी खेळलाच पाहिजे' ही अट ऐकून माझे दोन मित्र या मालिकेकडे वळलेच नाहीत. मुलीला जे पाहून ओढ लागली तेच बाजूला ठेवलंत तर ओढच जाईल, ही भीती मला खरी वाटते.

कृष्णाकाठ

हीच भीती मलाही आहे. तिला मूळ खेळाचं एक चित्र दाखवलं. क्लाउडचे ठोकळ्यासारखे हात बघून म्हणाली, "आई, याला बोटं का नाहीत?"

दोनमुलांची_आई

वयाबद्दल. अमेरिकी मानांकनात दोन्ही खेळ तेरा आणि पुढच्या वयासाठी आहेत. मी माझ्या चौदा वर्षांच्या मुलाबरोबर मूळ खेळ खेळले. मार, रक्त थोडं आहे, बॅरेटच्या तोंडी शिव्या आहेत. अडचण वॉल मार्केटची, म्हणजे मिडगारमधल्या बदनाम बाजाराची. डॉन कॉर्निओ या गुंडाकडे मुली पाठवतात तो भाग आणि हनी बी इन या कोठ्यावरचा प्रसंग आज बघताना अवघड होतं. तिथे तुम्ही शेजारी बसा आणि मोकळेपणाने बोला. रिमेकने हनी बी इनचं नाचगाण्याचं देखणं नाट्यगृह केलंय, क्लाउडने बाईच्या वेशात नटणंही त्यात कुणाची टिंगल न करता येतं. या एका जागी रिमेक मुळापेक्षा निःसंशय चांगला आहे, हे दादांनाही सांगा.

इंग्रजीचंही सांगते. मूळ खेळाचं भाषांतर घाईचं आहे. 'धिस गाय आर सिक' असं वाक्य आहे त्यात, आणि फुलं विकणाऱ्या एअरिथला तिथे एअरिस म्हटलंय. मुलांना आधी सांगून ठेवा.

निशाचर

थोडं विषयाबाहेर. बाल्डर्स गेट या दुसऱ्या खेळमालिकेचा २ आला २००० मध्ये, ३ आला २०२३ मध्ये. आधीचे न खेळता लाखो लोकांनी तिसरा खेळला, कुणाचं काही अडलं नाही. तिथेही जुने लोक नाराज होतेच: लढाई थांबवून-थांबवून खेळायची पद्धत जाऊन पाळीपाळीची आली, आणि विकोनियासारख्या जुन्या पात्राचं जे केलं ते मलाही सहन झालं नाही. पण नवख्यांना दार उघडं होतं.

तिसरी_सीडी

निशाचर, तो शंभर वर्षांनंतरच्या काळातला पुढचा भाग आहे, त्यात नवीन माणसं आहेत. इथे तीच माणसं, तोच रस्ता, तेच दिवस आहेत. तुलना जुळत नाही.

कृष्णाकाठताई, घाट यांची भीती मला पटते. म्हणून मधला मार्ग सुचवतो. पूर्ण मूळ खेळ नको, फक्त पहिली सीडी. वीस-पंचवीस तास होतील, दिवाळीच्या सुट्टीत बसतं. रिमेक आणि रीबर्थ मिळून मूळ खेळाची पहिली सीडीच सांगतात, रीबर्थ साधारण तिथेच थांबतो. म्हणजे पहिली सीडी संपली की दोन्ही नवे खेळ तिच्यासाठी मोकळे.

आणि 'तो प्रसंग' तिला मुळातच भेटू द्या, एवढं मी हात जोडून सांगतो. तिथे लगेच एक लढाई येते, पण संगीतकार उएमात्सू यांनी लढाईचं संगीत वाजू दिलेलं नाही. आधीपासूनची हळुवार धूनच चालू राहते. आपण बटणं दाबत असतो आणि ती धून थांबत नाही. मग पडद्यावर येतं, दुसरी सीडी घाला. कितासे यांनी नंतर मुलाखतीत सांगितलंय की अशी गोष्ट खऱ्या आयुष्यात जशी अचानक, तयारी न देता होते तशीच त्यांना हवी होती. रीबर्थमध्ये त्याच जागी कथा अनेक शक्यतांच्या जगांत शिरते आणि पाठोपाठ मोठ्या लढाया येतात. त्यावर वाद घालायला मला आवडतं, पण पहिल्यांदा तिथून जाणाऱ्याला ते मिळू नये.

मावळतीचा_घाट

पहिल्या सीडीचा मार्ग मलाही मान्य. मला तो प्रसंग आधीच कुणीतरी सांगून टाकला होता. ती चुटपुट अजून आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. रविवारी मूळ खेळ सुरू केला. गेमपॅड आणला. ठोकळ्याच्या हातांवर पहिला अर्धा तास कुरकुर झाली, मग रिअॅक्टरमधल्या स्फोटाआधी पडद्यावरचं घड्याळ उलटं मोजू लागलं आणि ती पुढे सरकून बसली.

मी विचारलं, चौकटी मराठीत सांगू का? म्हणाली, मला येतं वाचायला. आई शेजारी वाती वळत बसली होती. तिने विचारलं, "काय म्हणतोय गं तो काळा धिप्पाड?" आणि लेक आजीला मराठीत सांगू लागली. बॅरेटला तिनेही घोगरा आवाज दिला. तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता नवीन अडचण. यापुढचं मी तिला वाचून दाखवणार नाही. आम्ही चर्चपर्यंत आलोय, जिथे फुलवालीचं नाव आपण ठरवतो. ९९ साली दादाने तिथे माझं नाव घातलं होतं. ज्यांनी खेळलाय त्यांना कळेल की पुढे काय झालं असेल. पहिली सीडी संपली त्या रात्री तो जेवायला आला नाही, आणि मला दोन दिवस सायकलवर डबलसीट फिरवत होता. रिमेकवर तो इतका का चिडतो ते मला हे लिहिताना नीट कळतंय. रिमेकमध्ये नाव बदलता येतच नाही.

लेकीने काल तिथे आजीचं नाव टाइप केलं. आजीला जास्वंद, मोगरा सगळं परसात लागतं म्हणून. आई खूश आहे. अजून सेव्ह केलेलं नाही. बदलायला लावू का?

तिसरी_सीडी

ताई, मी बदलायला लावलं नसतं. पण हे मला ठरवता येणार नाही. दादांना विचारा.

कृष्णाकाठ

विचारलं. बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत होतं. मग एवढंच आलं: "असू दे. मी येईपर्यंत तिला फार पुढे जाऊ देऊ नकोस. तेव्हा मला तिच्या शेजारी बसायचंय."

सेव्ह केलं.